मोतिया कीं सायी?

घराच्या भिंतींस कोणता रंग द्यावा हा प्रश्न आमच्या लहानपणीं घरांत कोणी विचारीतच नसे. दिवाळी पंधरा दिवसांवर आली कीं अंगणांतील पिंपांत चुना विरे, त्यांत निळीची पुरचुंडी बुचकळली जाई, आणि दोन दिवसांत ओटीपासून परसदारापर्यंत सारें घर एकाच पांढऱ्या रंगाचें होई. रंगच एक, तेव्हां मतें दोन असण्याचें कारण नव्हतें. आज रंगाच्या दुकानांत गेलें असतां केवळ 'पांढऱ्याच्या जवळचे' म्हणून जे नमुने पुढें ठेवितात त्यांचीच चोपडी पंचांगाएवढी जाड भरते. आणि गंमत अशी कीं, निळा द्यावा कीं तांबडा यावर घरांत कधीं तंटा होत नाहीं. तंटा होतो तो, परक्या माणसास ज्यांत फरकच दिसूं नये अशा दोन रंगांवर. ज्यांच्या घरीं तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात त्यांस हें फोड करून सांगण्याची गरज नाहीं.

आमच्या मुरुडच्या घरीं गेल्या वर्षीं हाच प्रसंग आला. पुतण्यानें व त्याच्या पत्नीनें चोपडींतून एक रंग काढला; घरांतील वडीलधाऱ्यांनीं दुसरा. दोन्ही पांढरटच. एकांत करड्याची अगदीं पुसट झांक, दुसऱ्यांत पिवळ्याची. चोपडींत त्यांस जीं इंग्रजी नांवें दिलेलीं असतात तीं कंपनीगणिक निराळीं, आणि त्यांवरून रंगाचा बोध कांहींच होत नाहीं. म्हणून आम्ही पहिल्यास 'मोतिया' आणि दुसऱ्यास 'सायी' म्हणूं. मोत्याच्या पांढऱ्यांत राखेचा अंश असतो आणि तापवून निवलेल्या दुधावरच्या सायींत पिवळ्याचा. मराठी माणसास एवढी खूण पुरे. या दोन रंगांची पारख करतांना जें वाचनांत आलें आणि जें घरांतल्या घरांत पडताळून पाहतां आलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों. असा प्रसंग हल्लीं घरोघर येतो, आणि त्याचा निकाल बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूनें लागतो.

रंगद्रव्याच्या दृष्टीनें हे दोघे सख्खे भाऊ आहेत. हल्लींच्या बहुतेक पांढऱ्या रंगांचा पाया म्हणजे टायटॅनियम डायॉक्साइड नांवाची अतिशुभ्र भुकटी. विसाव्या शतकांत तिनें शिशाच्या व जस्ताच्या सफेत्यास मागें सारिलें. त्या पायांत दुकानांतील यंत्र पिवळें लोहद्रव्य, म्हणजे आपल्या पिवळ्या मातींत असतें त्याच जातीचें द्रव्य, थेंबाथेंबानें सोडतें आणि सायी तयार होतो. त्याऐवजीं काळ्याचे थेंब सोडले कीं मोतिया. फरक थेंबांचाच, परंतु पिवळा थेंब आणि काळा थेंब यांचें वर्तन सारखें नाहीं. पिवळें द्रव्य उजेडांतील निळा-जांभळा भाग तेवढा गिळतें आणि बाकीचा परत देतें. काळें द्रव्य सगळ्याच भागांतून थोडाथोडा गिळतें. डोळ्यास उजेड भासतो तो मुख्यतः हिरव्या-पिवळ्या भागामुळें. म्हणून सायी रंगीत असूनही उजेडाच्या बाबतींत उदार असतो आणि मोतिया रंगहीन असूनही थोडा कंजूष असतो. ही गोष्ट पुढें माजघरांत कामास येणार आहे. वाचकांनीं ती ध्यानांत ठेवावी.

जुन्या सफेतींतील निळीचें कामही असेंच चाले. आमच्याकडे चुना खाडींतल्या शिंपल्या भाजून करीत. त्यांत किंचित् पिवळेपणा राही. निळीचा अंश त्या पिवळेपणास मारी. नीळ घातलेली भिंत मोजून पाहिली तर न घातलेल्या भिंतीहून थोडा कमीच उजेड परत देते, पण डोळा तिलाच अधिक शुभ्र म्हणतो. म्हणजे आमच्या आजोबांची 'पांढरी स्वच्छ' भिंत ही खरें पाहतां मोतियाच्याच कुळांतली होती. पुतण्यास ही वंशावळ सांगितल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आपण नवें कांहीं आणीत आहों अशी त्याची समजूत होती.

संस्कृत कोशकारांची दृष्टि या बाबतींत मोठी सूक्ष्म आहे. अमरकोशांत पांढऱ्या रंगास शुक्ल, शुभ्र, श्वेत, सित, अवदात, गौर, वलक्ष, धवल, अर्जुन असे डझनभर शब्द आहेत. पण पिवळसर पांढऱ्याचें खातें वेगळें आहे. तेथें हरिण, पांडुर, पांडु हे शब्द येतात, आणि जो थोडासाच पांडु त्यास धूसर म्हटलें आहे. आमचा सायी हा पांडु आणि मोतिया हा धूसर धरला, तर कोशकारानें दोघांस एकाच जिन्याच्या लागोपाठच्या पायऱ्यांवर बसविलें आहे असें दिसेल. सुधा हा शब्दही येथें आठवतो. सुधा म्हणजे अमृत आणि सुधा म्हणजे चुनाही. त्या चुन्यानें जें उजळलें तें सौध. राजवाड्याचें नांव त्याच्या दगडावरून किंवा लांकडावरून न पडतां भिंतीच्या पांढऱ्या लेपावरून पडावें, यावरून त्या काळीं या लेपाची केवढी किंमत होती तें समजतें.

कोशकारानें नांवें दिलीं. मापें देण्याचें काम पुढें एका चित्रकलेच्या शिक्षकानें केलें. अमेरिकेंत बोस्टन येथें शिकविणारे आल्बर्ट मन्सेल यांनीं १९०५ सालीं आपली रंगमापनाची पद्धति प्रसिद्ध केली. कोणत्याही रंगास तीन प्रश्न विचारावे असें ते सांगतात : जात कोणती, उजळपणा किती, आणि रंगाचा जोर किती. शिक्षकाच्या पेशाचा आम्हांस अभिमान आहे म्हणून म्हणत नाहीं, पण घरांतले निम्मे वाद या तीन प्रश्नांनीं मिटतात. "हा जरा बरा वाटतो" असें म्हणणाऱ्यास तो अधिक उजळ आहे म्हणून बरा वाटतो कीं पिवळट आहे म्हणून, हें विचारलें म्हणजे बहुधा तो थांबतो आणि पुन्हां पाहतो. आमच्या दोन रंगांत जोर दोहोंतही अल्प, उजळपणा सायींत थोडा अधिक, आणि खरा भेद जातीचा.

आतां पाहण्याच्या रीतीविषयीं. फ्रान्समध्यें पॅरिस येथें गोबेलँ नांवाचा चित्रपट विणण्याचा जुना राजकीय कारखाना आहे. तेथील रंगाई-विभागाचे प्रमुख शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ होते. आपल्या कारखान्याचें काळें सूत निस्तेज दिसतें अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनीं सूत तपासलें, दुसऱ्या कारखान्यांच्या सुताशीं ताडून पाहिलें, आणि सुतांत दोष नाहीं असें ठरविलें. काळ्याच्या शेजारीं जे निळे-जांभळे धागे विणीत होते त्यांमुळें काळें फिकें भासत होतें. यावरून त्यांनीं जो नियम बसविला तो १८३९ सालीं ग्रंथरूपानें बाहेर आला : दोन रंग शेजारीं ठेवले कीं प्रत्येक दुसऱ्यास आपल्यापासून दूर ढकलतो. सायीच्या शेजारीं मोतिया निळसर होतो आणि मोतियाच्या शेजारीं सायी हळदुळा होतो.

हा नियम कळला कीं दुकानांत काय घडतें तें उलगडतें. गिऱ्हाईक दोन चिठ्ठ्या शेजारीं धरतें. दोहोंतला भेद त्यामुळेंच वाढतो, त्या वाढलेल्या भेदावर वाद होतो, आणि घरीं गेल्यावर मात्र भिंतीवर एकच रंग राहतो. तेथें त्याचा शेजारी दुसरी चिठ्ठी नसते. शेजारी असते जमीन, दरवाज्याचें लांकूड, खिडकींतून येणारें हिरवें किंवा निळें, आणि रात्रीं डोक्यावरचा दिवा. तेव्हां या दोन रंगांत एकमेकांहून काय निराळें आहे हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी असून, यांपैकीं प्रत्येक रंग आमच्या घराशीं कसा वागतो एवढेंच पाहावयाचें असतें. दोन हात लांबरुंद असे दोन पुठ्ठे घ्यावे, प्रत्येकास एक एक रंग दोन हात देऊन पुरता वाळूं द्यावा, आणि एका वेळीं एकच पुठ्ठा भिंतीस लावून त्या खोलींत घटकाभर बसावें. दुसरा पुठ्ठा दुसऱ्या दिवशीं, त्याच वेळीं. डोळा रंगास लवकर सरावतो. दारांतून डोकावून दिलेलें मत घटकाभर बसलेल्या माणसाच्या मताशीं जुळत नाहीं.

आमच्या घराची ठेवण मुरुडच्या पुष्कळ घरांसारखीच आहे. तोंड पूर्वेस रस्त्याकडे, पाठ पश्चिमेस वाडीकडे, वाडीपलीकडे सुरूचीं झाडें आणि समुद्र. पुढें ओटी, मध्यें माजघर, मागें पडवी. ओटीची जमीन तांबड्या कोब्याची. सकाळचें ऊन या तांबड्या जमिनीवर पडून भिंतीवर उसळतें, आणि भिंतीचा खालचा तीन-चार हात भाग त्या तांबूस उजेडांत न्हातो. तेथें सायीचा पुठ्ठा लावला तेव्हां तो अबोलीकडे झुकला. पिवळ्यावर तांबूस चढल्यावर दुसरें काय होणार? मोतिया मात्र त्या तांबूस उजेडानें आपला करडेपणा टाकून साधा, निवळ पांढरा झाला. चोपडींत जो मळकट म्हणून नाकारला जात होता तो ओटीवर सर्वांत स्वच्छ दिसला. हें पाहिल्यावर ओटीपुरता वाद कोणी काढला नाहीं.

मागच्या पडवीची कथा निराळी आहे, आणि ती आमच्या किनाऱ्यावरील सर्व वाडीवाल्यांची आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें आणि मुरुड-श्रीवर्धनकडील नारळी-पोफळीच्या वाड्या कांहीं तासांत आडव्या झाल्या. नुकसानीचे आंकडे निघाले, पंचनामे झाले. पण घरांतल्या उजेडाचा पंचनामा कोणी करीत नाहीं. वादळापूर्वीं आमच्या पडवींत दुपारीं बारालाही हिरवा, थंड, पाण्याखालच्यासारखा उजेड असे. भिंतीचा रंग कोणता हें सांगणेंच कठीण. वाडी जो रंग देई तो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच भिंतीवर उघड्या आकाशाचा भगभगीत उजेड पडला आणि घरांतल्या माणसांस आपलीच पडवी ओळखूं येईना. त्या पुढच्या वर्षीं गांवांत पुष्कळांनीं घरें रंगविलीं, आणि डोळ्यांस त्रास होतो म्हणून मागची बाजू मुद्दाम गडद केली.

येथें एक हिशेब आहे, आणि तो रंगाऱ्याच्या हिशेबांत सहसा येत नाहीं. रंग टिकतो पांच-सहा वर्षें. पोफळीस फळ धरण्यासही साधारण तितकींच वर्षें लागतात. वादळानंतर लावलेलीं रोपें आतां कोठें पागोळीच्या उंचीला आलीं आहेत. दरवर्षीं पडवींतला उजेड थोडाथोडा पुन्हां हिरवा होत आहे. आज उघड्या उजेडांत जो रंग ठरवावा त्यास दोन-तीन वर्षांनीं हिरव्या उजेडांत नांदावें लागणार. हिरव्या उजेडांत सायी कच्च्या पेरूच्या गराकडे झुकतो. तो बिघडत नाहीं, पण आजारी माणसाचा चेहरा त्या भिंतीपुढें अधिक आजारी दिसतो. मोतिया हिरव्यांत हिरवट करडा होतो, पण कांहीं लपवीत नाहीं आणि कांहीं भरीस घालीत नाहीं. पडवीसही मोतियाच योग्य असें आमचें मत झालें. अर्थात् ज्यांची वाडी उभी राहिली आहे आणि ज्यांची अद्याप मोकळीच आहे त्यांस एकच सल्ला देणें बरोबर नव्हे.

खरी अडचण माजघराची. कोंकणांतील जुन्या घरांचें माजघर म्हणजे चहूंकडून खोल्यांनीं वेढलेलें. उजेड येतो तो दोन दारांतून आणि छपरांतल्या एखाद्या कांचेच्या कौलांतून. अशा खोलींत वस्तूवर थेट उजेड थोडाच पडतो. बहुतेक उजेड भिंतीवरून भिंतीवर उसळत उसळत येतो. आमच्यासारख्या जुन्या मास्तरास येथें गणित केल्यावांचून राहवत नाहीं. समजा, मोतिया पडलेल्या उजेडापैकीं शेंकडा ७० परत देतो आणि सायी शेंकडा ८०. पहिल्या उसळीस फरक दहाचा, म्हणजे कांहींच नाहीं. पण चौथ्या उसळीस मोतियाच्या खोलींत शंभरांपैकीं २४ उरतात आणि सायीच्या खोलींत ४१. ओटीवर जो फरक डोळ्यास जाणवतही नाहीं, तो माजघरांत तांदूळ निवडतां येणें न येणें यांतला फरक होतो. याचीच दुसरी बाजू अशी कीं, प्रत्येक उसळीस उजेड थोडा अधिक पिवळा होत जातो. म्हणून चोपडींतला फिकट सायी बंद खोलींत लोण्याएवढा पिवळा निघतो. त्यावर उपाय, चोपडींत जो आवडला त्याहून एक पायरी फिकट घेणें.

माजघर हें आमच्या थोरल्या वहिनींचें राज्य. ऐंशीच्या घरांत आहेत. दिवसाचे बारा तास त्यांचे तेथेंच जातात, म्हणून दोन्ही पुठ्ठे त्यांच्यापुढें ठेवून त्यांचें मत विचारलें. त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता. डाव्याचा व्हावयाचा होता. त्यांनीं पदरानें एकदां एक डोळा झांकला, एकदां दुसरा, आणि म्हणाल्या, "भावजी, या डोळ्यानें दोन्ही एकच दिसतात. आणि या डोळ्यानें हा निळसर आणि तो दुधासारखा. यांतला खोटा डोळा कोणता?"

खोटा कोणताच नाहीं. वयाबरोबर डोळ्यांतलें नैसर्गिक भिंग पिवळें होत जातें आणि उजेडांतला निळा भाग अडवूं लागतें. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलावर विशींतल्या माणसाच्या मानानें साधारण तिसरा हिस्साच उजेड पोंचतो. पिवळ्या भिंगांतून पाहणाऱ्यास मोतिया आणि सायी यांतला भेद पुसला जातो, कारण तो भेदच मुळीं निळ्या-पिवळ्याचा. भिंग बदललें कीं निळें एकाएकीं परत येतें. प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्यावर १९२३ सालीं मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यापूर्वींच्या कांहीं वर्षांच्या त्यांच्या चित्रांत तांबडे-पिवळे रंग माजले होते आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांस सगळें निळें निळें दिसूं लागलें होतें. एकत्र कुटुंबांत आजी, सून आणि नातू एकाच भिंतीकडे पाहून तीन मतें देतात याचें कारण प्रत्येक वेळीं आवड हेंच असतें असें नाहीं. तिघांच्या डोळ्यांत उतरणारा उजेडच निराळा असतो. नातवाच्या डोळ्यास मोतिया थंड आणि सुंदर, आजीच्या डोळ्यास तो केवळ अंधुक.

हें सर्व वहिनींस सांगितलें. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "मला रंगाचें काय विचारतां? उंबरठा कुठें संपतो तें दिसेल असें कांहीं करा."

गेल्या पावसाळ्यांत त्या माजघराच्या उंबरठ्यास अडखळून पडल्या होत्या. हाड मोडलें नाहीं, पण तेव्हांपासून पडवीकडे जातांना त्या भिंत धरून जातात. पुन्हां जाऊन पाहिलें तेव्हां कारण स्पष्ट झालें. मागच्या खेपेस रंगाऱ्यानें भिंत, चौकट आणि उंबरठा सर्वांवर एकाच फिकट रंगाचा हात फिरविला होता, आणि मंद उजेडांत भिंत कोठें संपते व दार कोठें सुरू होतें हें तरुण डोळ्यासही झटकन् कळत नव्हतें. इतके दिवस दोन पांढऱ्यांचा वाद घालणाऱ्या मंडळींत उंबरठ्याच्या रंगाचा विषय एकानेंही काढला नव्हता. चौकटीवरचा फिकट रंग काढून खालचा साग मोकळा करावा, उंबरठ्याच्या दोन्ही कडांस काव्याच्या तांबड्या रंगाचा चार बोटें रुंद पट्टा द्यावा, आणि भिंती अधिक उजळ अशा सायीच्या ठेवाव्या असें ठरलें. थकलेल्या डोळ्यास रंगाची जात ओळखतां येत नसली तरी उजळ आणि गडद यांची सीमा ओळखतां येते. पुतण्यानें येथें मोतियाचा आग्रह आपण होऊन सोडला, हें नमूद करणें अवश्य आहे.

चौकटी खरवडण्यावरून एक इशारा द्यावासा वाटतो. जुन्या तेलरंगांत शिसें असण्याचा संभव फार. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावें असा नियम आपल्या देशांत १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आला; तत्पूर्वींच्या रंगाचा भरंवसा देतां येत नाहीं. तो कोरडा घासला तर धूळ उडते आणि रांगत्या मुलाच्या हातांवाटे पोटांत जाते. मुलांच्या मेंदूच्या वाढीस शिसें घातक आहे. म्हणून असा रंग भिजवून काढावा, मुलांस त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावें, आणि निघालेले पोपडे वाडींत न टाकतां बांधून वेगळे ठेवावे.

दिव्यांविषयीं थोडक्यांत. बाजारांत एल्. ई. डी. दिव्यांच्या खोक्यावर केल्व्हिनचा आंकडा छापलेला असतो. ६५०० चा दिवा दुपारच्या ढगाळ आकाशासारखा निळसर, २७०० चा जुन्या तारेच्या दिव्यासारखा पिवळा. पिवळ्या दिव्याखालीं आमचे दोन्ही रंग इतके जवळ येतात कीं रात्रीं वाद घालणाऱ्यांनीं खुशाल झोंपावें. निळसर दिव्याखालीं मात्र मोतियाची खोली दवाखान्यासारखी थंड होते. ज्यांस मोतिया हवा त्यांनीं दिवा बदलण्याची तयारी ठेवावी. दिवा रंगाहून स्वस्त असतो.

राहिला पाऊस. मुरुडास चार महिन्यांत शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो, आणि जांभ्या दगडाची भिंत तो पिऊन घेते. दसऱ्यापर्यंत ती ओलीच असते. जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर चोपडा इमल्शन रंग दिला तर आंतली ओल कोंडते, लोणा फुटतो आणि एका वर्षांत पोपडे सुटतात. चुन्याचा हात दिला तर भिंत श्वास घेते. आमची ओटी आणि पडवी यांस पूर्वींच सिमेंटचा गिलावा झाला होता, तेथें इमल्शन चाललें. माजघराच्या मूळ भिंतीस चुनाच दिला. सायीसाठीं चुन्यांत पिवळी माती वस्त्रगाळ करून मिसळली. चुना तीव्र क्षार असल्यामुळें पुष्कळसे नवे रंग त्यांत जळतात, मातीचे टिकतात. ओला चुना पारदर्शक असतो आणि हवेंतील कार्बन डायॉक्साइड शोषून हळूहळू पांढरा होतो. म्हणून लावतांना जो रंग दिसतो त्यावर विश्वास ठेवूं नये. विटेच्या तुकड्यावर हात मारून उन्हांत वाळवावा, मग माती वाढवावी कीं कमी करावी तें ठरवावें. आणि सगळ्या खोलीचा चुना एकाच पिंपांत एकदम कालवावा. दुसऱ्यांदा कालवलेला पहिल्याशीं कधींही जुळत नाहीं. आमचा रंगारी जुना आहे. तो म्हणाला, "मास्तर, हा कुंचा मारायला आतां पोरं तयार नाहींत," आणि स्वतःच शिडीवर चढला.

ओलीच्या बाबतींत दोन रंगांचा स्वभावभेद असा कीं, गळतीचा पिवळट डाग सायींत मुरतो आणि मोतियावर उठून दिसतो. पुष्कळ जण याच गुणासाठीं सायी घेतात. आमच्या मतें मात्र निदान छपराला लागून असलेल्या भिंतीस चहाडखोर रंग बरा. कौल सरकलें हें जुलैंत कळावें, ऑक्टोबरांत नव्हे.

दिवाळीनंतर पंधरा दिवस भिंती वाळूं दिल्या आणि मार्गशीर्षांत काम पुरें झालें. वहिनींच्या डाव्या डोळ्याचीही शस्त्रक्रिया पौषांत झाली, त्यानंतर माजघराच्या भिंती "फार पिवळ्या नाहींत ना?" असें त्यांनीं दोनदां विचारलें, पण पडवीकडे जातांना त्या आतां भिंत धरीत नाहींत. देवघराचा निकाल तेवढा राहिला होता. तेथें दिवसा उजेड नाहीं आणि समईच्या ज्योतींत दोन्ही पुठ्ठे घरांतील एकासही ओळखतां आले नाहींत. ज्या पिंपांत चुना उरला तो देवघरास दिला. तें पिंप सायीचें होतें.